फोटो काळपट का छापून येतात?



लग्नसराई सरते, अल्बम छापून घरी येतो आणि तक्रार सुरू होते: फोटो काळपट आलेत, नवरीचा चेहरा पिवळा दिसतोय. छायाचित्रकार लॅबकडे बोट दाखवतो. लॅबवाला म्हणतो, जशी फाइल आली तशी छापली. पुष्कळदा दोघेही खरंच सांगत असतात. दोष असतो छायाचित्रकाराच्या टेबलावरच्या मॉनिटरचा. तो फार उजळ असेल, तर काम करणारा नकळत फोटो गडद करत जातो. त्याच्या पांढऱ्या रंगात निळी झाक असेल, तर ती मारायला तो पिवळा वाढवतो.

नवा मॉनिटर घेताना ग्राहकाची नजर आधी आकारावर जाते, मग फोर-के या शब्दावर, मग १४४ हर्ट्‌झसारख्या आकड्यावर. हा शेवटचा आकडा गेम खेळणाऱ्यांच्या कामाचा. फोटोला त्याचा काडीचा उपयोग नाही. पैसे मोजके असतील तर ते पॅनेलवर खर्च करावेत. स्वस्तातल्या टीएन पॅनेलवर मान जरा हलली की रंग बदलतो. व्हीए पॅनेलचा काळा रंग सुरेख असतो, पण बाजूने पाहिल्यावर गडद छटा वेगळ्या दिसतात. आयपीएस पॅनेलवर समोरून किंवा तिरकं पाहिलं तरी रंग जवळपास तोच राहतो. फोटोसाठी आयपीएसच घ्यावं, यात दुमत नसावं.

आता रंगांचा आवाका. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे रंगमान मांडलं. आजही मोबाइल, इंटरनेट आणि बहुतेक फोटो लॅब त्यावरच चालतात. म्हणून खोक्यावर ‘एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के’ असं लिहिलेलं असावं. काही कंपन्या त्याऐवजी एनटीएससी हे १९५३ सालचं जुनं माप छापतात आणि तिथे ग्राहक फसतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ हा आकडा कमी वाटतो, पण तो साधारण पूर्ण एसआरजीबीइतका भरतो. ‘४५ टक्के’ लिहिलं असेल तर तो मॉनिटर हिशेबाला ठीक, फोटोला नाही. एसआरजीबीहून मोठ्या अडोबी आरजीबीच्या मागे लागून बजेट ताणायची गरज बहुतेकांना नसते. शिवाय रंगांचं भान न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा पडद्यावर साधे फोटोही भडक दिसतात.

उदाहरणच द्यायचं तर असुसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही. २४.१ इंच, आयपीएस, १९२० बाय १२०० पिक्सेल, एसआरजीबी १०० टक्के, आणि रंगांतली चूक मोजणारा डेल्टा ई कारखान्यातच २ च्या आत आणलेला. इतकी कमी चूक सहसा डोळ्यांना जाणवत नाही. नाव याच मॉडेलचं लक्षात ठेवायला हवं असं नाही. हे आकडे लिहून घ्यावेत आणि दुकानात तेच विचारावेत. २७ इंची घ्यायचा असेल तर २५६० बाय १४४० पिक्सेल हवेत. तेवढ्या मोठ्या पडद्यावर १९२० बाय १०८० ठेवले तर चित्र खरबरीत वाटतं.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हमध्ये दोन चित्रं न्यावीत: एक सपाट करड्या रंगाचं, दुसरं चेहऱ्याचं. करडं चित्र पूर्ण पडद्यावर लावलं की कोपऱ्यांतले डाग आणि गुलाबी-हिरवी झाक लगेच उघडी पडते. चेहरा उभं राहून, बसून आणि बाजूने पाहावा.

मॉनिटर घरी आल्यावर पहिलं काम फुकटचं आहे: उजेड कमी करणं. नवे मॉनिटर अनेकदा २५० निट किंवा त्याहून जास्त उजेडावर येतात, तर छपाईच्या कामाला ८० ते १२० निट पुरतात. रंगाचं तापमान ६५०० केल्व्हिन ठेवावं. खिडकीचं ऊन पडद्यावर येऊ देऊ नये. रंग मोजणारं कॅलिब्रेटर यंत्र एकट्याला महाग वाटलं, तर गावातल्या चार छायाचित्रकारांनी मिळून एक घ्यावं आणि महिन्या-दोन महिन्यांनी आळीपाळीने वापरावं.

तेही जमत नसेल, तर नेहमीच्या लॅबमधून एक फोटो कोणतीही दुरुस्ती न करता छापून घ्यावा. दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, तो मॉनिटरशेजारी धरावा आणि पडद्यावरचा तोच फोटो कागदाइतका शांत दिसेपर्यंत उजेड एकेक पायरी खाली आणत जावं.