न्यास : गीताच्या समाप्तीचा शब्द



पूजेच्या प्रारंभी अंगन्यास व करन्यास होतात. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या ठेवीला धर्मशास्त्र न्यास म्हणते. देवस्थानांच्या विश्वस्त संस्थांच्या नावांतही तोच शब्द आढळतो. आणि ज्या स्वरावर गीत संपते, त्या स्वराचे नावही न्यासच. यांपैकी पहिल्या अर्थांशी भक्तजनांचा नित्य परिचय आहे. शेवटचा अर्थ गवयांकडे राहिला, आणि तेथेही तो पुष्कळ बदलला.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. ‘अस्’ हा चौथ्या गणातील धातू, अर्थ फेकणे. अस्त्र हा शब्द त्याचाच. त्यास ‘नि’ हा उपसर्ग लागला की फेकण्यातील वेग ओसरतो, आणि खाली, नेमक्या जागी ठेवणे हा अर्थ येतो. धनुष्यातून सुटते ते अस्त्र; भूमीवर पाऊल टेकते तो पदन्यास. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या अखेरीस कन्येला सासरी धाडून कण्व मुनी म्हणतात की, एखाद्याचा न्यास परत केल्याप्रमाणे आपले अंतःकरण निर्मळ झाले आहे. तेथे कन्या टाकलेली नाही, जिच्या तिच्या जागी पोचविलेली आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात जातींची दहा लक्षणे आली आहेत, त्यांत न्यास हे एक. (रागपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या स्वररचनांना जाती म्हणत; जन्माच्या जातीशी या शब्दाचा येथे काही संबंध नाही.) जाती एकंदर 18. त्यांचे न्यास 21 आणि अपन्यास 56 सांगितले आहेत. अंगाची समाप्ती करतो तो न्यास, मध्ये विसावा देतो तो अपन्यास. सात शुद्ध जाती तर स्वरांच्याच नावांच्या आहेत. षाड्जी षड्जावर संपते, आर्षभी ऋषभावर, गांधारी गांधारावर. शुद्ध रूपात ग्रह, अंश, न्यास हे सारे त्या एकाच स्वरावर असतात. त्याच जातीचे विकृत रूप झाले की इतर लक्षणे पालटतात, न्यास मात्र पालटत नाही. रचनेने कितीही वळणे घेतली तरी तिचे नाव टिकते ते या शेवटच्या स्वरामुळे. शुद्ध जातींत हा न्यास मंद्रात असावा, असाही नियम आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात जातीची लक्षणे तेरा झालेली दिसतात. वाढलेल्या तिहींत विन्यास आणि संन्यास आहेत. मठाच्या अंगणात संन्यास शब्द ऐकताच सर्वत्याग मनात येतो, आणि सामान्य जन त्याचा अर्थ सारे काही फेकून देणे असाच करतात. ग्रंथातील व्याख्या निराळी आहे. अंशस्वराशी ज्याचा विवाद नाही, असा जो स्वर गीताची पहिली विदारी, म्हणजे पहिला खंड, संपवितो, तो संन्यास. त्यानंतर गीत पुढे चालतच असते. शास्त्रकारांनी यतिधर्म मनात धरून हे नाव योजले, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ‘सम्’ आणि ‘नि’ या दोन उपसर्गांनंतर धातूत फेकण्याचा अर्थ उरत नाही, एवढे येथे स्पष्ट दिसते.

हल्ली यमन गाताना गायक गांधारावर स्थिरावला, की रसिक म्हणतात, गांधारावर न्यास केला. गीत तेथे संपत नाही. जुन्या परिभाषेत तो बहुतांशी अपन्यासच ठरेल. शब्द असा सरकला यात नवल नाही. जातिगायनात समाप्तीचा स्वर जातीगणिक वेगळा, म्हणून तो नाव घेऊन सांगावा लागे. तंबोरा आला तो पुढच्या काळात. आता बैठक सुरू होण्यापूर्वीच त्याच्या तारांवर षड्ज लागलेला असतो, आणि गाणे बहुधा त्याच षड्जावर येऊन टेकते. त्या टेकण्याला वेगळ्या नावाची गरज कोणालाच वाटली नाही.