अंगणांतील चुलीचें छायाचित्र

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेसाठीं जुनीं छायाचित्रें गोळा करावयाचीं ठरलें, तेव्हां आमच्या हातीं पुष्कळ चित्रें आलीं. बिशपमहाराजांच्या भेटीचें आलें, कोनशिलेच्या समारंभाचें आलें, प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांचें आलें. परंतु ज्या चुलींवर ह्या सर्व सणांचें अन्न शिजलें, त्यांपैकीं एकीचेंही चित्र निघालें नाहीं. चूल ही चित्र काढण्याजोगी वस्तु आहे असें कोणास वाटलेंच नव्हतें. म्हणून अशा एका चुलीविषयीं, आणि तिचें छायाचित्र काढतांना आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीं, आज चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाव भाजण्याची मातीची भट्टी म्हटली कीं ख्रिस्ती मनुष्यास गोमंतक आठवतो. पोर्तुगीजांच्या मागोमाग सोळाव्या शतकांत पाव तेथें आला. त्याचें नांवही त्यांच्याच भाषेंतलें. तेथील पोदेर माडाच्या सुरेनें पीठ आंबवीत आणि घुमटाच्या भट्टींत लांकडें जाळून तापलेल्या तळावर पाव भाजीत. आपला भंडारा जिल्हा धानाचा. येथें घुमटाची भट्टी नसली तरी तिची एक धाकटी बहीण आहे. अंगणांत मातीची मोठी चूल घालावयाची, तिजवर मडकें पालथें घालावयाचें, आणि खालीं जाळ करून मडक्याच्या तापलेल्या पाठीवर पोळी भाजावयाची. नागपूर-भंडाऱ्याकडे हिला लांब पोळी म्हणतात. गव्हाची कणीक अगदीं सैल भिजवून, पुष्कळ आपटून, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झेलीत वाढवितात; ती पातळ होऊन लोंबूं लागली कीं एका झटक्यांत मडक्यावर टाकितात. ज्या मुलखांत भात रोजचा, तेथें ही गव्हाची पोळी सणाची.

आपल्या धर्मग्रामांतील एका घरीं अशी एक जुनी चूल होती. ती मोडून तेथें खोली बांधावयाची आहे असें कळल्यावरून आम्ही एके दिवशीं भर दुपारीं मोबाइल घेऊन गेलों. घरची आजी चुलीच्या भेगा बुजवीत बसली होती. मोडावयाच्या चुलीच्या भेगा ती कां बुजविते, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. आम्ही म्हणालों, “आजी, जरा बाजूला होतां का? चुलीचा फोटो घ्यायचा आहे.” ती उठली, हात पुसले आणि भिंतीपाशीं जाऊन उभी राहिली. चित्र स्वच्छ आलें. तिला दाखविलें, तेव्हां ती म्हणाली, “फादर, हा तं मातीचा ढीग दिसते जी.”

खरेंच, तें तसेंच होतें. डोक्यावरच्या उन्हानें मातीचा उंचसखलपणा पुसला गेला होता. चुलीचें तोंड म्हणजे केवळ एक काळा डाग. शेजारीं कोणी नसल्यामुळें चूल केवढी तेंही कळेना. जिच्या हातांनीं तिला आकार दिला, तिलाच आम्हीं चौकटीबाहेर उभें केलें होतें.

मग आम्हीं विचारलें. पणतूचा बाप्तिस्मा जवळ आला होता, आणि ह्या चुलीवरच्या शेवटच्या पोळ्या त्या दिवशीं व्हाव्या अशी तिची इच्छा होती. म्हणून त्या भेगा. चुलीची माती तळ्यांतली; तींत धानाचा कोंडा आणि शेण कालवावयाचें, म्हणजे वाळतांना व तापतांना ती तडकत नाहीं. हें सर्व तिनें सांगितलें तें त्याच ठिकाणीं लिहून घेतलें.

बाप्तिस्म्याच्या दिवशीं आम्ही सूर्योदयाच्या सुमारास पुन्हा गेलों. तिरप्या उजेडांत सारवणावर उमटलेलीं बोटें दिसत होतीं, चुलीच्या तोंडांत जाळ होता, आणि आजी पोळी झेलीत होती. उजेड कमी म्हणून तिचे हात चित्रांत अस्पष्ट आले. तेंच चित्र आम्हीं ह्या स्मरणिकेस दिलें आहे. पावसाळ्यापूर्वीं चूल मोडली.

ती मोडली ह्याचें दुःख करीत बसावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्या धुरानें किती मातांचे डोळे बिघडले, हें आपण जाणतों. 2016 सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅस आला, तो सुखाचाच होय. चूल जावी, परंतु तिच्यापुढें जिनें आयुष्य वेंचिलें, तिचें नांव जाऊं नये.

छायाचित्रणाची कला जगापुढें आली 1839 सालीं. तिच्या आरंभींच, 1844 सालीं, इंग्लंडांत टॅल्बट ह्यांनीं उघड्या दाराशीं टेकविलेल्या एका झाडूचें चित्र घेतलें, आणि तें आजही नांवाजलें जातें. सामान्य वस्तु चित्रास अयोग्य नाहीं, हें तेव्हांपासून सिद्ध आहे. परंतु तो झाडू कोणाच्या हातचा, हें चित्र सांगत नाहीं. ह्याच्या उलट इटलींतील हर्क्युलेनियम पाहा. इ. स. 79 मध्यें ज्वालामुखीनें तें नगर गाडलें. तेथें सांपडलेल्या एका जळक्या पावावर छाप आहे: सेलेर, क्विंटस ग्रेनियस व्हेरसचा दास. धनी गेला, नगर गेलें. आणि दासाचें नांव पावावर राहिलें.

प्रभु येशूनें आपली आठवण ठेवण्यास भाकर निवडली. पुनरुत्थानानंतर तिबेरियाच्या तीरावर शिष्य मासे धरून आले, तेव्हां त्यांना कोळशांचा विस्तव, त्यावर मासे, आणि भाकर दिसली. विस्तव पेटवून थकलेल्यांची वाट पाहणें हें काम स्वतः प्रभूनें केलें आहे. तें करणारीस आम्हीं बाजूस व्हावयास सांगितलें, ही आमची चूक आज तुम्हांपुढें कबूल करितों.

आतां एक विनंती. तुमच्या घरीं जुनी चूल, जातें, उखळ असेल, तर त्याचें चित्र काढा. सकाळीं काढा, काम चालू असतांना काढा, आणि काम करणारीला आंत घ्या, तिची परवानगी विचारून. चित्राच्या पाठीवर तिचें नांव, गांव व साल लिहा, आणि एक प्रत आमच्याकडे द्या. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारीं कपाटांत एक नवी वही ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर आजीचें नांव, तिला विचारून, लिहिलें आहे. पुढचीं पानें कोरीं आहेत.