जुना टीव्ही, नवी स्टिक आणि दुपारचे दोन

भारतातून आई-बाबांची तिकिटं निघाली की आपल्या घरांत एक ठरलेली धावपळ सुरू होते. पाहुण्यांच्या खोलीतली खोकी हलतात, गादी येते, आणि बेसमेंटमध्ये पडलेला जुना टीव्ही वर आणला जातो. तो लावला की चित्र छान दिसतं, पण ॲप उघडत नाही. मग मला फोन येतो, "अहो, टीव्ही तर चांगला आहे, नवा घ्यायचा का?"

माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच असतं. का ते आज सांगतो. आणि नवा टीव्ही घ्यायचा नसेल तर त्याला जोडायला काय घ्यायचं, तेही सांगतो. यात मी स्वतः एक चूक केली होती, तीसुद्धा सांगेन.

टीव्हीमध्ये दोन गोष्टी असतात. एक पडदा आणि एक त्याच्या आतला छोटा संगणक. पडदा पंधरा वर्षं सहज चालतो. संगणक मात्र पाच-सात वर्षांत मागे पडतो, कारण कंपनी त्याला नवं सॉफ्टवेअर देणं थांबवते आणि ॲपवाले जुन्या सॉफ्टवेअरसाठी काम करणं सोडून देतात. २०१० आणि २०११ सालच्या काही सॅमसंग टीव्हींवर डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स बंद झालं, ते असंच. ते टीव्ही बिघडले नव्हते. स्ट्रीमिंग स्टिक म्हणजे त्या पडद्याला बाहेरून जोडलेला नवा संगणक. तीस ते पन्नास डॉलरमध्ये काम होतं आणि चांगला पडदा कचऱ्यात जात नाही. आमच्या न्यू जर्सीत तर टीव्ही कचऱ्याच्या डब्यात टाकायलाच २०११ पासून कायद्याने बंदी आहे.

आता टीव्हीच्या मागे जा, आणि फोनचा टॉर्च सोबत घ्या. एचडीएमआय असं लिहिलेली चपटी खाच दिसली तर निम्मं काम झालं. ती नसेल आणि फक्त लाल, पांढरी, पिवळी अशी तीन गोल भोकं असतील, तर मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागतो. इथे लोक हमखास फसतात. बाजारात दिसायला सारखे दोन कन्व्हर्टर मिळतात. एक एचडीएमआयचं एव्ही करतो आणि दुसरा एव्हीचं एचडीएमआय. आपल्याला पहिला हवा, "एचडीएमआय टू एव्ही". उलटा आणलात तर पडदा काळाच राहील आणि दोष स्टिकला द्याल. अशा टीव्हीवर चित्र थोडं पुसट येतं आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. रोज चार तास बघायचा असेल, तर तेवढ्या एका बाबतीत मी नवा टीव्ही घ्या म्हणेन.

दुसरा प्रश्न फोर-केचा. टीव्ही ७२० किंवा १०८० चा असेल तर फोर-के स्टिक त्यावर चालते, पण चित्र टीव्हीच्या कुवतीइतकंच दिसतं. त्यामुळे चित्रासाठी जास्त पैसे देऊ नका. वरच्या मॉडेलचा प्रोसेसर वेगवान असतो आणि ॲप लवकर उघडतं, त्यासाठी द्यायचे असतील तर द्या. इंटरनेटचीही फार चिंता नको. नेटफ्लिक्स स्वतः १०८० च्या चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं. अडचण येते ती राउटर खाली आणि टीव्ही वरच्या मजल्यावर कोपऱ्यात असला की. म्हणून आधी त्याच कोपऱ्यात उभं राहून फोनवर वेग मोजून बघा.

इथवर सगळं सोपं आहे. माझी चूक झाली ती याच्या पुढे.

दोन वर्षांपूर्वी आई सहा महिन्यांसाठी आली. माझं कामच लोकांना तंत्रज्ञान निवडून देण्याचं. मी रीतसर तक्ता केला. प्रोसेसर, मेमरी, किंमत, सगळं. त्यात पहिली आलेली स्टिक घेतली, सात ॲप घातली आणि आईला दहा मिनिटांत शिकवून कामाला गेलो. तीन आठवड्यांनी एका दुपारी दोनच्या सुमाराला लवकर घरी आलो. आई टीव्हीसमोरच्या सोफ्यावर बसली होती. टीव्ही बंद होता. हातात फोन, तो डोळ्यांजवळ धरलेला, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर तिची मालिका चालली होती.

मी म्हटलं, "अगं आई, एवढा मोठा टीव्ही समोर आहे, तो लाव ना."

"नको रे बाबा. परवा काहीतरी दाबलं तर एकदम डॉलरचा आकडाच आला. तुमचे पैसे जायचे उगाच."

म्हणजे तीन आठवडे ती त्या रिमोटला घाबरून होती आणि तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पहिल्या पडद्यावर आपोआप सुरू होणाऱ्या जाहिराती, भाड्याने मिळणारे सिनेमे, आणि त्यात तिचं ॲप कुठेतरी चौथ्या रांगेत. माझ्या तक्त्यात सगळं होतं. दुपारी दोन वाजता घरात एकटं कोण असणार आणि रिमोट कोणाच्या हातात असणार, हा रकाना तेवढा नव्हता.

म्हणून आता मला कोणी विचारलं की मी आधी तेच विचारतो. टीव्ही बघणारं माणूस कोण? ते काय बघणार? आणि अडलं तर हाक मारायला घरात कोणी असणार आहे का?

या प्रश्नांसकट बाजाराकडे बघू. रोकूचा पहिला पडदा सगळ्यात साधा. ॲपचे चौकोन ओळीने मांडलेले असतात आणि ते जागा बदलत नाहीत. ज्येष्ठांसाठी मी बहुतेक वेळा हीच सुचवतो. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक सेलमध्ये स्वस्त मिळते, ब्लूटूथ हेडफोन तिला थेट जोडता येतो, पण तिच्या पहिल्या पडद्यावर जाहिरातींची गर्दी असते. गूगल टीव्हीवर चालणारी उपकरणं यूट्यूब जास्त बघणाऱ्यांना सोयीची. त्यात वॉलमार्टचं ऑन नावाचं वीस डॉलरच्या आसपासचं उपकरणही आहे आणि जुन्या टीव्हीला ते छान पुरतं. गूगल टीव्हीत फक्त ॲप दाखवणारी साधी पद्धतही निवडता येते. ॲपल टीव्ही जलद आणि नेटका, पण शंभर डॉलरच्या वर जातो. सगळं घर आयफोनवर असेल तरच त्याचा विचार करा.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, हवं ते ॲप त्या उपकरणावर आणि या देशात मिळतं का. मराठी मालिका कोणत्या ॲपवर हे देशागणिक बदलतं. झी मराठीच्या मालिका झी५ वर असतात. पण भारतात काढलेली वर्गणी इथे चालेलच असं नाही, आणि भारतातून आणलेली स्टिक तिथल्या खात्यावर नोंदलेली असली तर इथली ॲप तिच्यावर दिसत नाहीत. म्हणून आधी मालिका, मग ॲप आणि शेवटी स्टिक, या क्रमाने जा. दुसरी गोष्ट, रिमोटवर टीव्ही चालू-बंद करायचं आणि आवाजाचं बटण आहे का. काही स्वस्त मॉडेलांत ते नसतं. मग दोन रिमोट सांभाळावे लागतात, आणि दोन रिमोट म्हणजे रोजचा गोंधळ.

आता एका वेगळ्या खोक्याबद्दल. आपल्याकडे किराणा दुकानाच्या काउंटरवर, कधी ओळखीतून, एक बॉक्स विकायला येतो. "एकदाच पैसे भरा, सगळे देशी चॅनल कायमचे." मोह होतो, कबूल आहे. आमच्याच घरात असा एक बॉक्स आला होता. आठ महिने चालला, मग एके दिवशी सगळे चॅनल गेले आणि विकणाऱ्याचा फोन लागेना. पैसे गेले ते गेले. खरा धोका पुढे कळला. जून २०२५ मध्ये एफबीआयने जाहीर इशारा दिला की अनोळखी बनावटीच्या अनेक टीव्ही बॉक्समध्ये विकण्याआधीच किंवा सुरू करताना घातक सॉफ्टवेअर घातलेलं असतं. या प्रकाराचं नाव बॅडबॉक्स २.०. असा बॉक्स आपल्या घरचं इंटरनेट गुन्हेगारांना वापरायला देतो. त्यांची कामं आपल्या पत्त्यावरून होतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. त्याच वायफायवर आपला ऑफिसचा लॅपटॉप असतो आणि बँकेचं खातंही आपण त्यावरूनच उघडतो.

त्याच्या खुणा सांगतो. नाव कधी न ऐकलेलं. "अनलॉक्ड", "सगळं फुकट" अशी जाहिरात. सुरू करताना गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतो, किंवा ॲप कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवायला लावतो. यातलं एक जरी दिसलं तरी वायर काढा. आणि आई-बाबांना कोणी प्रेमाने असा बॉक्स दिला असेल तर त्यांना रागावू नका. दुसरं काहीतरी चालू करून द्या आणि मग तो काढा, नाहीतर त्यांची मालिका तुटते आणि आपण खलनायक होतो.

स्टिक आणली की पुढचं काम अर्ध्या तासाचं. टीव्हीच्या मागच्या यूएसबीवर तिला वीज देऊ नका. जुन्या टीव्हीचं यूएसबी बरेचदा अर्धा अँपिअरच देतं, आणि स्टिक मध्येच बंद पडते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा. चित्र आहे पण आवाज नाही असं झालं तर स्टिकच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवरून स्टिरिओवर आणा. जुन्या टीव्हींना नवा डॉल्बी कळत नाही. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार बदला.

मग खरेदीला पिन लावा. रोकू, फायर, गूगल, तिन्हींत ही सोय आहे. आणि ती लावल्यावर आई-बाबांना तसं सांगा, "आता काहीही दाबा, एक पैसा जाणार नाही." आमच्याकडे या एका वाक्याने जे झालं ते माझ्या दहा मिनिटांच्या शिकवणीने झालं नव्हतं. नको ती ॲप काढा, तीन ठेवा, पहिल्या ओळीत ठेवा. मराठी नावं रिमोटने टाइप करणं म्हणजे शिक्षा, आणि रिमोटला बोलून सांगितलं तर तो भलतंच ऐकतो. त्यापेक्षा त्यांच्या फोनवरच्या यूट्यूबमध्ये नाटक किंवा कीर्तन शोधू द्या. फोन ते आधीच वापरतात. वर कोपऱ्यात चौकोन आणि लहरींचं चिन्ह असतं ते दाबलं की तेच मोठ्या पडद्यावर येतं. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत, एवढंच.

शेवटचं, आणि हे सगळ्यात जास्त राहून जातं. शिकवून झालं की रिमोट त्यांच्या हातात द्या आणि खोलीतून बाहेर जा. दहा मिनिटांनी परत या. कुठे अडले ते बघा, तेवढंच दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करा. आपण शेजारी बसलो की ते "हो, कळलं" म्हणतात, आपला वेळ जाऊ नये म्हणून.

आईसाठी मी नंतर साधी स्टिक आणली, तक्त्यात चौथी आलेली. टीव्ही तोच, बेसमेंटमधला. परवा सांगलीहून फोनवर म्हणाली, "या वेळी आले की तो टीव्ही तसाच ठेव हं, नवा नको आणूस. त्याचं मला जमतंय आता."

तुमच्या घरी जुना टीव्ही असेल तर या शनिवारी त्याच्या मागे एकदा टॉर्च मारून बघा. नमस्कार.