मुक्या जिवाचा हिशेब

कवीला बोलायला बोलावले की लोकांना वाटते, हा पावसावर बोलेल, चांदण्यावर बोलेल, नाहीतर विरहावर तरी बोलेल. मी आज कुत्र्याच्या आंघोळीवर बोलणार आहे. आणि त्या आंघोळीला खर्च किती येतो, यावरही. कारण पगारात महिना भागवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने कुत्रा पाळला की पहिला प्रश्न हाच पडतो. हल्ली शहरात कुत्र्यांचे केस कापून, नखे घासून, अंगाला सुगंध लावून देणारी दुकाने निघाली आहेत. तिथले दरपत्रक मी एकदा वाचले आणि माझ्या न्हाव्याला मनातल्या मनात सलाम केला.

आमचा कुत्रा गावठी. नऊ वर्षांपूर्वी आषाढातल्या एका संध्याकाळी भिजलेले, थरथरणारे पिल्लू आमच्या पडवीत येऊन बसले. शेजारच्या पोराने त्याचे नाव ठेवले खंड्या. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, म्हणून हे नाव. मुसलमानाच्या घरी खंड्या, याचे गल्लीत कुणाला नवल वाटले नाही. खंडोबाला मल्लूखान म्हणणारी ही माती आहे.

नवल होते ते घरात. आमची अम्मा पाच वक्ताची नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर तो धुतल्याशिवाय नमाज होत नाही, हा तिचा नियम. राखणीला कुत्रा ठेवायला तिची ना नव्हती, पण उंबऱ्याच्या आत नाही. अब्बा असते तर त्यांनी तिला गुहेतल्या तरुणांची गोष्ट सांगितली असती. कुरआनात ती आहे. ते तरुण वर्षानुवर्षे गुहेत झोपून राहिले आणि त्यांचा कुत्रा उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसून राहिला. म्हणजे उंबरा ही कुत्र्याची मानाची जागा. खंड्यालाही ती मानवली. त्याचे भांडे वेगळे, गोणपाट वेगळे, त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे. अम्मासाठी ही शिस्त धर्माची होती. पुढे पशुवैद्य डॉक्टरांनी आरोग्यासाठी म्हणून नेमके हेच सांगितले.

आता माझ्या चुकीकडे येतो. खंड्या वर्षाचा झाला आणि त्याच्या अंगावरचे केस जायला लागले. कोपरे, कानाच्या कडा, पोट, सगळीकडे खाजवून खाजवून लाल झाले. मी हिशेब केला. डॉक्टर म्हणजे शे-दोनशे रुपये, वर औषधे. गॅरेजवाल्या मित्राने फुकटचा उपाय सांगितला. गाडीचे जळके ऑइल चोळ, आठ दिवसांत नवा कुत्रा! मी डबाभर ऑइल आणले आणि खंड्याला नखशिखांत माखले. तो शेपूट हलवत उभा राहिला. मी आपल्या भल्याचेच करतोय, अशी त्याची खात्री होती.

रात्रभर तो अंग चाटत राहिला. सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. मी म्हणालो, उतरेल संध्याकाळपर्यंत. तेव्हा त्याला कधीही हात न लावलेली अम्मा दारात येऊन म्हणाली, "बेजुबान हय बाबा. उसका हिसाब देना पडेंगा." मुका जीव आहे, त्याचा हिशेब द्यावा लागेल. मी पैशांचा हिशेब करत होतो, ती वेगळ्याच वहीबद्दल बोलत होती.

रिक्षात घालून त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मला आधी झाडले, मग सांगितले. जळक्या ऑइलमध्ये विषारी धातू आणि तेलाचे घातक अंश असतात. ते कातडीतून आत जातात, चाटल्यावर पोटात जातात. खरजेचे किडे इतके बारीक असतात की कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. कोणता किडा आहे हे पाहून, वजनाप्रमाणे औषध द्यावे लागते. ऑइल आधी कोरड्या कापडाने टिपायचे आणि मग भांडी घासायचे पातळ साबण व कोमट पाणी वापरून दोनतीनदा धुवायचे, हेही त्यांनीच शिकवले. खंड्या वाचला. केसपेपर आणि औषधे मिळून जो खर्च आला, तो रिक्षाच्या भाड्याहून कमी होता. मी वाचवायला निघालो होतो ते पैसे एवढेच.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. काटकसर वस्तूंमध्ये करावी, औषधात करू नये.

तर वस्तूंपासून सुरुवात करू. गावठी कुत्र्याच्या आखूड केसांना एक रबरी ब्रश किंवा साधा जाड दातांचा कंगवा पुरतो. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटे, केसांच्या दिशेने. सैल केस निघून जातात, घरात उडत नाहीत आणि मुख्य म्हणजे आपली बोटे त्याच्या सगळ्या अंगावरून फिरतात. गाठ, जखम, गोचीड, जे काही असेल ते तेव्हाच कळते. ज्यांच्याकडे लांब केसांचे कुत्रे आहे, त्यांनी रोज विंचरावे आणि गुंते आंघोळीआधीच सोडवावेत. गुंता भिजला की अधिक घट्ट होतो. उन्हाळ्यात कणव येऊन दाट केसांच्या कुत्र्याची हजामत मात्र करू नका. ते केस ऊनही अडवतात.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरे. चिखलात लोळून आला तर गोष्ट वेगळी. दुपारचे ऊन, कोमट पाणी, कानात कापसाचे बोळे. आधी मान, मग पाठ, पाय आणि डोके सगळ्यांत शेवटी, कारण डोके भिजले की तो अंग झटकणार आणि आंघोळ आपली होणार. आपला साबण, आपला शाम्पू त्याला वापरू नये. त्याची कातडी आपल्यापेक्षा वेगळी, ती कोरडी पडते आणि खाजते. कुत्र्यांच्या शाम्पूची छोटी बाटली घ्यावी आणि थोडा शाम्पू तांब्याभर पाण्यात मिसळून वापरावा. आमची एक बाटली वर्षभर जाते. फेस पुरता निघेपर्यंत पाणी घालावे आणि जुन्या पंचाने अंग कोरडे करावे. पाण्यात फिनाईल टाकणारे लोक मी पाहिले आहेत. फिनाईल फरशीसाठी असते. कुत्रा ते चाटतो आणि ते विष आहे.

गोचिडांसाठी रॉकेल चोळणे हाही तसलाच उद्योग. त्याने कातडी भाजते. गोचीड काढायला लहान चिमटा घ्यावा, अगदी कातडीलगत धरावा आणि सरळ ओढावा. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावी. बोटांच्या बेचक्यात, कानांच्या आत, पट्ट्याखाली रोज पाहावे. गोचिडा भिंतीच्या फटीत आणि गोणपाटातही राहतात, म्हणून गोणपाट उन्हात टाकावे आणि फटी सिमेंटने बुजवाव्यात. कुत्रा जेवण सोडून मलूल पडला, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर तो गोचीडताप असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय नकोत, लगेच दवाखाना गाठावा.

कान फक्त दिसतो तेवढाच पुसावा, ओलसर मऊ कापडाने. आत काडी घालू नये. कानाला वास येत असेल किंवा तो सारखा डोके झटकत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. पण पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर असलेले अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही. ते वाढत वाढत मांसात रुतते. त्याचे फक्त टोक कापावे. नखाच्या आत रक्ताची नस असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून काळे नख अगदी थोडे थोडे कापावे. चुकून रक्त आलेच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून दाबून धरावे. दात बोटाला ओले फडके गुंडाळून पुसता येतात. आपली टूथपेस्ट वापरू नये, कारण कुत्र्याला चूळ भरता येत नाही.

आता जेवण. नामदेवांची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. कुत्रा कोरडी पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आजचा पशुवैद्य वाटेत भेटला असता तर म्हणाला असता, महाराज, पोळी चालेल, तूप जरा बेताने! नुसत्या दूधपोळीवर कुत्रा धड राहत नाही. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. भातात किंवा भाकरीत उकडलेले अंडे, उकडलेले चिकन, थोडे दही घालावे. चिकनच्या दुकानात विकून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. मीठ, मसाला नको. कांदा-लसूण नको, त्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे ही तर विषेच. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या कपच्या होतात आणि आतड्यात घुसतात. आपल्या डब्यातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला कधीही देऊ नये.

आणि जिथे एक रुपयाही वाचवायचा नाही, ती गोष्ट म्हणजे लस. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना, वर्षाच्या वर्षाला. त्याआधीच, दीड-दोन महिन्यांचे असल्यापासून, पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सुरू कराव्या लागतात. जंताचे औषध मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे द्यावे. १८८५ साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांची रेबीजची लस टोचण्यात आली आणि तो वाचला. इतकी वर्षे होऊनही आपल्याकडे माणसे या रोगाने मरतात, कारण लक्षणे दिसू लागली की पुढे जवळजवळ काहीच करता येत नाही. कुत्रा चावला, नुसते ओरखडले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये. इंजेक्शनची एकही तारीख चुकवू नये.

खंड्याची एका वर्षीची रेबीजची लस मी एका दिवाळी अंकाच्या मानधनातून टोचून घेतली. कविता विरहाची होती. माझ्या कवितेने कुणाचे भले केल्याचा पुरावा मागितला, तर मी खंड्याचे लसीकरणाचे कार्ड दाखवतो.

अम्माने खंड्याला शेवटपर्यंत हात लावला नाही. पण त्या ऑइलच्या प्रकरणानंतर ती रोज पहाटे वजू झाला की एक तांब्या पाणी घेऊन पडवीत यायची आणि हातभर अंतरावरून त्याच्या जर्मनच्या पातेल्यात ओतायची. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाचे गुन्हे माफ झाले, ही हदीस तिने लहानपणी ऐकली होती. मी एकदा चेष्टेने विचारले, "अम्मा, माफी मागण्याएवढे गुन्हे कधी केलेस?" ती म्हणाली, "मेरे वास्ते नहीं रे. तेरे वास्ते." ऑइल मी लावले होते, ते ती विसरली नव्हती.

अम्मा जाऊन आता तीन वर्षे झाली. खंड्या म्हातारा झालाय, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. पहाटे दाराची कडी वाजली की तो अजून उंबऱ्याकडे तोंड करून बसतो. पाणी आता मी घालतो. पातेले आधी घासून घेतो, कालचे शिळे पाणी झाडाला घालतो. याला खर्च काही येत नाही. तुमच्या घरी कुत्रा असो वा नसो, उन्हाळ्यात दाराबाहेर असे एक पातेले ठेवून पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)