अर्धे तिकीट आणि न आलेली गाडी

(नळदुर्ग येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरले तेव्हा पहिली चकमक आपल्या या नळदुर्गातच झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली. ही हकीकत आपणांस पाठ आहे. मला बोलावयाचे आहे ते त्या वाटेवरून पुढे एका गाडीत शेजारी बसून प्रवास करीत आलेल्या माणसांविषयी. ‘सहप्रवासी’ हा शब्द आपल्या राजकारणात जरा संशयाने उच्चारला जातो. आज तो साध्या अर्थाने घ्यावा.

पुण्याहून निघून मछलीपट्टणमला समुद्रापाशी थांबणारा हा रस्ता पूर्वी 9 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता 65 क्रमांकाचा आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तीन राज्यांच्या सरकारी गाड्या त्यावरून जातात. तुळजापूरला नवस फेडण्यास निघालेले तेलुगू कुटुंब, सोलापूरच्या दवाखान्याची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलेला म्हातारा, उमरग्याची कॉलेजातील मुलगी ही मंडळी एकाच बाकावर बसतात. मराठी, कानडी आणि दख्खनी एकमेकींत मिसळत राहतात. राष्ट्रीय एकात्मतेवर परिसंवाद भरविणाऱ्यांनी ही गाडी एकदा पाहावी.

सरकारी बस ही आपल्या विचाराची देणगी आहे असा आपला एक गोड समज आहे. वस्तुतः निजामाच्या रेल्वे खात्याने 1932 सालीच 27 गाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली होती. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती 1 जून 1948 रोजी, म्हणजे सोळा वर्षांनंतर. वाहतूक ही सर्वस्वी बाजारावर सोडण्याची बाब नव्हे, एवढे त्या सरंजामी राजवटीलाही उमगले होते!

पुढे 1950 साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. त्यात एक गाठ आहे. महामंडळाने पुरेशी, कार्यक्षम आणि काटकसरीची सेवा द्यावी, असे एक कलम सांगते. त्याच महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर कारभार करावा, असे दुसरे. लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाडीने मिळवायचे आणि वाडीवस्तीच्या मुक्कामी गाडीने खर्चायचे, अशा रीतीने ही गाठ काही काळ सैल राहिली. परंतु नेमका लांब पल्ल्याचा उतारूच आता खाजगी ट्रॅव्हल्सने उचलला आहे. टप्प्याटप्प्याला प्रवासी घेण्याचा परवाना नसलेल्या गाड्याही वाटेत थांबून प्रवासी भरताना दिसतात. दुधावरची साय एकाने न्यावी आणि उरलेले ताक दुसऱ्याने वाटावे, वर त्यालाच तोट्याबद्दल बोल लावावा, असा हा व्यवहार आहे.

आता सवलतींकडे वळू. महाराष्ट्राने 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट दिले. कर्नाटकाने त्याच वर्षी 11 जूनपासून आपल्या रहिवासी स्त्रियांना साध्या गाड्यांत मोफत प्रवास दिला आणि 9 डिसेंबरला तेलंगणने तोच मार्ग धरला. सारे आपापल्या हद्दीपुरते. उमरग्याची बाई एस.टी.ने हुमनाबादला बहिणीकडे निघाली तर सीमेपर्यंत तिचे तिकीट अर्धे आणि पुढे पूर्ण. बहिणी दोन, रस्ता एक; दर मात्र राज्याप्रमाणे.

या सवलतींनी महामंडळे बुडतात, असा आक्षेप अर्थशास्त्राचे नाव घेऊन केला जातो. हे अर्थशास्त्र अर्धवट आहे. सवलत सरकारने जाहीर केली असेल तर तिची भरपाई सरकारने वेळेवर करावी; ती होत असेल तर महामंडळाच्या दृष्टीने तो तोटा नव्हेच. पाचवीपासून बारावीपर्यंतची खेड्यातील मुलगी मोफत पासावर शाळेत जाते, तिचा लाभ वाहकाच्या हिशेबात कधीच दिसणार नाही. तो शाळेच्या पटावर आणि पुढे लांबलेल्या लग्नाच्या वयात शोधावा लागतो.

माझी तक्रार वेगळी आहे. अर्धे तिकीट जाहीर करण्यास एक पत्रकार परिषद पुरते. गाडी सोडण्यास चालक, वाहक, टायर आणि डिझेल लागते. मलाही वयपरत्वे अर्धे तिकीट पडते. पण फेरीच रद्द झाली तर अर्धे कशाचे घ्यावयाचे? मग काळी-पिवळीत बारा माणसांत तेरावे होऊन पूर्ण पैसे मोजावे लागतात. ऑक्टोबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत चाललेल्या संपात हे साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राने भोगले. कर्मचाऱ्यांच्या पगाराचे दुखणे खरे होते, हे मी आवर्जून सांगतो. परंतु त्या महिन्यांत फाट्यावर ताटकळलेल्या प्रवाशाच्या बाजूने कोणीच बोलले नाही. आपणही नाही. 25 जानेवारी 2025 रोजी भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले तेव्हा निषेधाची पत्रके निघाली. रद्द झालेल्या फेरीसाठी निघालेले पत्रक मात्र माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून एक सुचवितो. तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावच्या थांब्यावर महिनाभर एक वही ठेवावी. वेळापत्रकातील फेरी, आली की नाही, किती उशिरा, किती माणसे उभी होती, त्यांत शाळेच्या मुली किती, एवढेच लिहावे. ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांची मुले गावी आजीपाशी राहतात, त्यांच्या शाळेच्या फेरीची नोंद आधी घ्यावी. महिनाअखेरीस ती वही ग्रामसभेपुढे वाचावी, तिचा ठराव करावा आणि तो घेऊन आगारप्रमुखाकडे जावे. जाताना एस.टी.नेच जावे. गाडी आली नाही तर तेही वहीत लिहावे.