भिंगांची निगा

कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी मंदिराचे गोपुर अकरा मजल्यांचे आहे. वरच्या मजल्यांवरील मूर्ती नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. एखादा हौशी यात्रेकरू दुर्बीण डोळ्यांना लावतो, तो मूर्ती धुरकट दिसतात. मग तो खांद्यावरचे उपरणे घेऊन भिंगे खसाखसा पुसतो. नेमके येथेच त्याचे चुकते.

धूळ मऊ भासते, पण तशी ती नसते. तिच्यात वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीच. मोह्स यांच्या कठिणतेच्या मापावर गारगोटी 7 वर, तर साधी काच सुमारे साडेपाचवर येते. तेव्हा धूळभरले भिंग कोरडे पुसणे म्हणजे त्यावर बारीक कानस चालविणेच होय. पडलेला ओरखडा पुन्हा भरून येत नाही.

तंजावरजवळच्या वल्लम येथे सापडणाऱ्या स्फटिकाची भिंगे घासून एके काळी चष्मे बनवीत. स्फटिक ही गारगोटीचीच शुद्ध जात. तो धुळीला सहसा दाद देत नसे. आजची चाळिशी बहुधा प्लास्टिकची असते, म्हणजे काचेहूनही मऊ. आजोबांचा चष्मा ज्या उपरण्याने निभावला, त्याने नातवाचा निभावेलच असे नाही.

म्हणून आधी धूळ घालवावी, मग पुसावे. चष्मा कोमट पाण्याच्या धारेखाली धरावा, सौम्य साबणाचा एक थेंब बोटांनी अलगद फिरवावा, पुन्हा धुवावा आणि धुतलेल्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा. भस्म, रांगोळी, दंतमंजन यांना भिंगाजवळही येऊ देऊ नये. दुर्बीण मात्र नळाखाली धरू नये. रबरी फुग्याने धूळ उडवावी, मऊ कुंचल्याने झटकावी आणि मगच किंचित ओलसर कापड मध्यापासून कडेकडे फिरवावे.

दुसरा शत्रू दमट हवेचा. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो. अशा दिवसांत चामडी पेटीत बंद ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशीचे जाळे पसरते आणि काचेवरील लेप खाऊन टाकते. दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. बुरशी आत शिरलीच, तर स्वतः पेच न काढता ती जाणत्या कारागिराकडे द्यावी.

याच प्रांताचे मराठी राजे दुसरे सरफोजी (1777–1832) यांनी नेत्ररोग्यांवरील उपचारांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे जतन करविली. दृष्टीचे मोल त्यांनी असे जाणले होते. आज ज्याची दृष्टी दोन भिंगांवर अवलंबून आहे, त्याने पुसण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच अपेक्षा.