कानांतील रातकिडे

२०१६ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. त्या वर्षी मराठवाड्यात अवर्षणाने कहर केला होता. धनेगावचे मांजरा धरण आटले होते, लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागत होते, आणि आमच्या अंबाजोगाईतही टँकर केव्हा येतो इकडे सर्वांचे कान लागलेले असत. अशा एका वैशाखातल्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकून पडलो असता मी सहज म्हणालो, “आज रातकिडे फारच ओरडताहेत.” सौभाग्यवती उद्गारली, “अहो, रातकिडे कुठले? पावसाचा थेंब नाही की हिरवे पान नाही. सारे गाव निपचित पडले आहे.” मी कान देऊन ऐकले. आवाज तर स्पष्ट येत होता. मग दोन्ही कानांवर तळहात दाबून धरले. त्यासरशी आवाज थांबावयाचा, तो उलट वाढला. तेव्हा माझ्या ध्यानी आले की हे रातकिडे बाहेरच्या झुडपांतले नव्हेत.

श्रोतेहो, त्या रात्रीपासून आजतागायत त्यांनी माझी सोबत सोडलेली नाही. मी पेशाने शिक्षक. वैद्यकाचा अधिकार मला नाही. परंतु ज्याला आपण ‘कान वाजणे’ म्हणतो तो विकार अनुभवाने, काही डॉक्टरांशी बोलून व काही वाचून मला जेवढा कळला, तेवढाच आज आपणापुढे मांडणार आहे. ऐकणाऱ्यांत माझे समदुःखी पुष्कळ असतील याविषयी मला शंका नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्याप्रमाणे प्रौढ माणसांपैकी शेकडा सुमारे चौदांना हा अनुभव केव्हा ना केव्हा येतो, आणि शेकडा दोघांना तो फार जाच करितो. आपल्याकडे मात्र ह्या विषयी कोणी बोलत नाही. दुखणे दिसत नाही, ताप चढत नाही, जखम वाहत नाही. मग सांगावे तरी कोणाला? सांगितले तर ऐकणारा एक तर हसतो, नाही तर आपल्या डोक्यावर परिणाम झाला असावा अशा नजरेने पाहतो.

आमच्या वैद्यकात हा विकार नवा नाही. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग गणिले आहेत, त्यांत कर्णनाद आहे व कर्णक्ष्वेडही आहे. माधवनिदानकारांनी तर रोग्याला काय ऐकू येते तेही सांगून ठेविले आहे: भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाद, आणि क्ष्वेडात वेणूसारखा स्वर. हे वाचून मी थबकलो. कारण हीच वाद्ये मी दुसऱ्या एका ग्रंथात, अगदी निराळ्या संदर्भात, भेटलो होतो. हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान करणाऱ्या योग्याला क्रमाक्रमाने जे ध्वनी ऐकू येतात म्हणून म्हटले आहे, त्यांत समुद्र व मेघ यांच्या गर्जनेबरोबर भेरी आहे, शंख आहे, घंटा आहे, आणि शेवटी किंकिणी, बासरी, वीणा व भुंग्याचा गुंजारवही आहे. एका ग्रंथात जो रोग, तो दुसऱ्यात साधनेचा सोबती. आमचे अंबाजोगाई हे तर मुकुंदराजांच्या समाधीचे गाव. नाथपंथाची परंपरा येथील मातीत मुरलेली. तेव्हा येथे कोणाचे कान वाजू लागले की ‘अनाहत नाद’ हा शब्द कोणाच्या तरी तोंडून येतोच येतो.

ह्या शब्दाने एका माणसाचा कसा घात केला ते सांगतो. आमच्या आळीला एक सद्गृहस्थ पिठाची गिरणी चालवीत. एके दिवशी सकाळी उठले तो डावा कान गच्च बसलेला, आणि आत शिट्टी वाजते आहे. भजनी मंडळातल्या कोणी तरी त्यांस सांगितले, “भाग्यवान आहात. लोक जन्म घालवतात तरी हा नाद उघडत नाही.” बिचारे पहाटे उठून ध्यानाला बसू लागले. तीन आठवडे गेले. पुढे मुलाने बळेच रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी एवढेच विचारले, “इतके दिवस काय करीत होतात?” एकाएकी एका कानाचे ऐकणे जाणे ही तातडीची बाब आहे, पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झाले तर ऐकणे परत येण्याचा संभव असतो, दोन आठवडे उलटल्यावर तो फार कमी होतो. लवकर गेले असते तर कान खात्रीने वाचला असता असे मी म्हणणार नाही. तशी खात्री कोणी देत नाही. परंतु संधी होती, ती गेली. आता ते डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाहीत, आणि शिट्टी मात्र तशीच चालू आहे.

हा आवाज येतो कोठून? अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी असलेली एक नळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात, आणि ध्वनीच्या लहरींनी त्या डोलल्या म्हणजे मज्जातंतूंतून मेंदूकडे संदेश जातो. ह्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वार्धक्याने त्या झिजतात, गोंगाटाने मरतात, काही औषधांनीही मरतात. मग मेंदूला नेहमीचा संदेश मिळेनासा होतो, आणि दूरच्या केंद्राचा आवाज नीट येईना म्हणून आपण जसा रेडिओचा कान पिळून आवाज मोठा करितो, तसेच काहीसे तोही करितो, असे बहुतेक शास्त्रज्ञांचे मत आहे. केंद्र लागत नाही. खरखर तेवढी मोठी होते. ती खरखर म्हणजेच आपले रातकिडे.

औषधांचे म्हटले तर मलेरियावरील क्विनाइनने कान वाजतात हे आपल्या आजोबांच्या पिढीलाही ठाऊक होते. अ‍ॅस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतल्यानेही वाजतात, पण ते बंद केल्यावर बहुधा थांबतात. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची इजा मात्र कायमची असू शकते. म्हणून कान वाजू लागले तर कोणते औषध चालू आहे हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. स्वतःच्या मनाने ते बंद करू नये.

गोंगाटाचे कारण आपल्या जिल्ह्यात अधिक मोठे आहे. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातील यंत्रे, सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या गिरण्या, पिठाच्या चक्क्या यांच्याजवळ आयुष्य काढलेली माणसे आपल्या गावोगाव आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. त्यांची उसाने लादलेली ट्रॅक्टरे रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात, आणि चालकाला झोप येऊ नये म्हणून कर्ण्यांतून गाणी अशी लावलेली असतात की मैलभरावरून ऐकू यावीत. त्या चालकाची वये पाहिली तर वीस-बावीस! कारखान्यांसाठी आठ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. ट्रॅक्टरवरच्या पोराला कोणती मर्यादा? २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकांना बंदी केली खरी, परंतु लग्नाच्या वरातीपुढे चालणाऱ्या भिंतीएवढ्या कर्ण्यांना घड्याळ वाचता येत नसावे. वरातीहून परतल्यावर रात्रभर कान गुणगुणणे ही गंमत नव्हे; इजा होत असल्याची ती सूचना होय. कापसाचा बोळा फारसा उपयोगी पडत नाही. फोमचे कर्णरोधक मात्र थोड्या पैशांत मिळतात.

असो. मजकडे वळतो. पहिली दोन वर्षे मी फार वाईट काढली. कोणी लसणाचे कढत तेल कानात ओतावयास सांगितले. सुदैवाने मी ते केले नाही. कोणी काडीने मळ काढून दिला, त्याने उलट कान दुखू लागला. रात्री दिवा मालवला की आवाज जणू उशीपाशी येऊन बसे, आणि मी त्याच्यावर पहारा करीत पडे: वाढला काय, कमी झाला काय, डावीकडे आहे की उजवीकडे. अखेरीस येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान तपासून घेतले. श्रवणाची चाचणी झाली, उंच पट्टीचे स्वर मला कमी ऐकू येतात असे निघाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, “हा आवाज समूळ घालविणारे सिद्ध औषध आज नाही. पण त्याचा त्रास कमी होतो, आणि पुष्कळांचा होतो.” पहिले वाक्य ऐकून मी खचलो, दुसरे वाक्य समजावयास आणखी सहा महिने गेले.

समजले ते असे. १९५३ साली अमेरिकेत हेलर व बर्गमन ह्या दोघांनी निरोगी कानाची ऐंशी माणसे एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसविली. त्यांपैकी शेकडा चौऱ्याण्णवांना काही ना काही आवाज ऐकू आला! म्हणजे थोडेफार रातकिडे बहुतेकांच्या कानांत असतातच. शांतता पुरेशी गडद झाली की ते प्रकट होतात. शिवाय मोजून पाहता असे आढळते की आवाज किती मोठा आहे व माणूस किती पिडलेला आहे यांचा फारसा मेळ बसत नाही. बारीक आवाजाने एखादा वेडापिसा होतो, मोठ्या आवाजाचा दुसरा खुशाल झोपतो. मेंदूने त्या आवाजाला शत्रूची चाहूल मानले की पहारा सुरू होतो, आणि पहाऱ्याने चाहूल अधिकच वाढते. मनोपचारांच्या साहाय्याने ही गाठ सोडविण्याचा मार्ग आजवरच्या उपायांत सर्वांत चांगला ठरला आहे.

तेव्हा हठप्रदीपिका मला पुन्हा आठवली. माझा आवाज योग्याचा अनाहत नव्हे. तो झिजलेल्या पेशींचा आहे, हे मी पक्के जाणतो. परंतु तो योगी नादाला भीत नाही, त्याच्याशी झगडत नाही, एवढे तरी मला उचलता आले.

मी केले ते थोडके आहे. अगदी निःशब्द खोलीत झोपणे सोडले. पंखा किंवा मंद लावलेला रेडिओ असला म्हणजे रातकिडे त्यात विरघळतात. आवाज पूर्ण झाकला जाईल इतका मोठा रेडिओ मात्र लावीत नाही, कारण मग त्याची सवय होत नाही. ऐकणे कमी झाले होते म्हणून श्रवणयंत्र घेतले, आणि बाहेरचे जग पुन्हा कानी पडू लागताच आतले बरेच मागे सरले. दिवसा कामात राहतो. जागरण झाले, मन चिंतेत असले, की तो वाढतो. त्या दिवशी त्याला वाढू देतो.

काही खुणा मात्र दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत भोवळ येत असेल, कान वाहत असेल, किंवा ऐकणे एकाएकी कमी झाले असेल, तर सवय करीत बसू नये. आमच्या गिरणीवाल्यांसारखे न करता लागलीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. आणि घरच्या मंडळींस एक विनंती: “लक्ष देऊ नका हो” असे म्हणू नका. लक्ष न देण्याचा प्रयत्न करणे हेही लक्ष देणेच असते.

परवा मृगाचा पाऊस पडून गेला. रात्री आम्ही गच्चीत बसलो होतो. सौभाग्यवतीने विचारले, “आज रातकिडे कसे आहेत?” मी म्हणालो, “कोणते? बाहेरचे की आतले?” खाली ओल्या गवतात खरेखुरे रातकिडे किर्र ओरडत होते, आणि दोहोंतला फरक ओळखावयास मला बराच वेळ कान द्यावा लागला.